टाळ्यांनी निवडलेला राजा

माझ्या आईला ज्या माणसाने पूजेच्या पाटावरून उठवलं, त्याला मी अध्यक्षपदावरून उठवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. माझ्या डोक्यात एकदा तिडीक गेली की ती उतरत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे.

नेदरलँड्सला येण्यापूर्वी मी पुण्यातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं इतिहास शिकवत होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना इंग्लंडचा सतराव्या शतकातला झगडा असायचा. राजा एकीकडे, संसद दुसरीकडे, आणि मध्ये देव. राजा म्हणायचा, मला गादीवर देवाने बसवलंय, जाब देईन तर त्यालाच देईन. प्रार्थना कुठल्या पुस्तकातून म्हणायची, चर्चमधलं टेबल कुठल्या भिंतीला लावायचं, हेही तोच ठरवणार. संसद कुरकुरायला लागली की तिला घरी पाठवून द्यायचा. एकदा तर अकरा वर्षं त्याने तिला बोलावलंच नाही. शेवटी लढाई झाली आणि त्याचं मुंडकं उडवलं. मुलांना हा भाग फार आवडायचा. पुढे त्याची मुलं परत गादीवर आली. त्यातल्या धाकट्याने पुन्हा तेच सुरू केलं, तेव्हा संसदेतल्या बड्या लोकांनी समुद्रापलीकडून त्याच्या जावयालाच बोलावणं धाडलं. हा जावई हॉलंडचा. तो जहाजं घेऊन गेला, सासरा पळाला, आणि जावयाला मुकुट मिळाला तो अटींसकट. 'संसदेचा विजय' असं मी फळ्यावर लिहायचे आणि त्याखाली दोन रेघा मारायचे.

मग नवऱ्याला स्लोटरडाइकला एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आलो. इथे पुण्याच्या इतिहासाच्या मॅडमची कुणाला गरज? एका शाळेत मधल्या सुट्टीत पोरांचे डबे खाऊन होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवायचं काम मिळालं. त्या पोरांनी मला डच शिकवलं, आधी शिव्या आणि मग बाकीचं. आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांत बहुतेकांचं सगळं इंग्रजीवर भागतं, त्यामुळे डच वाचणारी मी एकटीच होते. तेव्हा त्याचं कुणाला कौतुक नव्हतं, मलाही नव्हतं.

आता मंडळाचं सांगते. आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे आणि त्याचे अध्यक्ष गेली दहा-बारा वर्षं एकच गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. पहिल्या पिढीतले, सगळ्यांच्या आधी आलेले, कुणाला घर शोधून दे, कुणाला विमानतळावर घ्यायला जा, असं सगळं केलेले. आमचंही पहिलं घर त्यांच्याच ओळखीने मिळालं होतं. नाही कशाला म्हणू? दरवर्षी गणपतीच्या जेवणात श्रीखंड वाढून झालं की कुणीतरी उठायचं, म्हणायचं, "यंदाही दादाच!" आणि पुरी एका हातात धरून लोक दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी वाजवायचे. झाली निवडणूक, बिनविरोध. आपल्याकडे गणेश मंडळांत, सोसायट्यांत हे असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मीही टाळ्या वाजवल्यात, दोन वर्षं.

मंडळाचा गणपती चतुर्थीनंतरच्या शनिवारी असतो, वस्तीतल्या समाजकेंद्राचा हॉल भाड्याने घेऊन. जमिनीवर बॅडमिंटनच्या पिवळ्या रेघा, त्यावर सतरंज्या, आणि पुढे मखर. पूजेला बसायचं ते अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीने, ही पहिल्यापासूनची रीत. अध्यक्ष नसले तर माजी अध्यक्षांनी. पण त्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, दादा जुलैमध्ये भारतात गेले असताना समितीची बैठक झाली. समितीत मी होते. कुणीतरी सुचवलं की दरवर्षी तेच जोडपं कशाला, या वर्षी हजर असलेल्यांत वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला बसवू. पाच जणांत तीन हो, दोन नाही. ठराव झाला, वहीत लिहिला. आणि वयाने सगळ्यात मोठी निघाली माझी आई. ती तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती.

आई साताऱ्याकडच्या एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. बाबा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी तिला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "चल, काहीतरीच!" मग दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर म्हणाली, "खरंच विचारलंय का त्यांनी?" मग नवी साडी घेऊ या म्हणाली. इथल्या भारतीय दुकानातून मोतिया रंगाची एक साडी आणली, फॉल मी लावून दिला. दोन दिवस ती अथर्वशीर्ष म्हणत घरभर फिरत होती, पाठ असूनसुद्धा.

त्या शनिवारी आई पाटावर बसली होती. गुरुजी पळीपंचपात्र मांडत होते. मी मागे स्वयंपाकाच्या खोलीत मोदकांची चाळणी उतरवत होते, तर बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. बाहेर येऊन पाहते तो दादा सोवळं नेसून आईसमोर वाकलेले, चेहऱ्यावर ते त्यांचं गोड हसू. "आजी, जरा उठता का? तुम्हाला मागे खुर्ची ठेवलीय. प्राणप्रतिष्ठा सुवासिनीनेच जोडीने करायची असते, तुम्हाला माहीतच आहे." आई उठली. तिचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर हात टेकून उठावं लागलं, आणि तिला हात द्यायला एकही माणूस पुढे झाला नाही. शंभराच्या वर माणसं होती तिथे. माझा नवरा सगळ्यात पुढे कॅमेरा घेऊन उभा होता. त्याने कॅमेरा खाली घेतला, एवढंच केलं.

मी पुढे झाले तर आईनेच डोळ्यांनी दटावलं, शाळेत दटावायची तसं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी दादांना फोन केला. समितीचा ठराव होता, वहीत आहे, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "हे बघ ग, श्रीखंड की गुलाबजाम यावर मतदान घ्या, माझी ना नाही. धर्मात मतदान नसतं. ते मी बघतो. आणि माझं काय जातंय? लोकांना चालत नाही." मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस मी नऊ वर्षं शिकवलाय!" त्याला काही कळलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एका बाईने लिहिलं, काल झालं ते बरोबर वाटलं नाही. तिला चार अंगठे मिळाले. तासाभरात ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात' असा झाला. संसद बरखास्त.

साडीची घडी घालताना आई एवढंच म्हणाली, "तुझे बाबा गेल्यापासून मला कुणी पुढे ये असं म्हटलंच नव्हतं. तुम्ही म्हटलं म्हणून आले. मी कुठे मागितलं होतं?" मला रडू कोसळलं. मी तिला म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी त्याच लोकांसमोर, त्याच पाटावर तुला बसवीन, आणि तो मेला हात जोडून बघत उभा राहील." आई म्हणाली, "तोंड आवर." पण नको म्हणाली नाही. मी नीट ऐकलं होतं, ती नको म्हणाली नाही.

आई परत गेली आणि मी कामाला लागले. इथे कुठलीही संस्था काढायची तर नोटरीपुढे तिची घटना लिहावी लागते आणि ती सरकारी नोंदणीत कुणालाही बघायला मिळते. आमच्या मंडळाचीही होती, डचमध्ये, एकवीस पानं. दादांनी स्थापनेच्या वेळी त्यावर सही केली होती आणि नंतर बहुतेक कुणी ती उघडलीही नव्हती. मी उघडली. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवडे वाचली, नवसाची पोथी वाचावी तशी. नवरा यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "कशाला ही नसती उठाठेव? त्यांनी आपल्यासाठी किती केलंय." मी म्हणायचे, "तू जा, भाजी गरम कर."

आणि सापडलं! अध्यक्षांची मुदत तीन वर्षं. निवड सभासदांच्या सर्वसाधारण सभेत. आणि माणसाच्या निवडीचं मतदान असेल तर ते लेखी, चिठ्ठ्या टाकून, गुप्त. हात वर करून नाही, टाळ्या वाजवून तर नाहीच नाही. म्हणजे श्रीखंडावरची ती सगळी बिनविरोध वर्षं कागदावर शून्य होती. त्या दुपारी मी एकटी घरात नाचले. खोटं नाही सांगत, स्वयंपाकघरात ओट्यासमोर नाचले.

पुढचं कलम याहून गोड होतं. एक दशांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला सभा बोलवावीच लागते, आणि चौदा दिवसांत त्यांनी हालचाल केली नाही तर मागणी करणाऱ्यांनी स्वतः बोलवायची. मला सोळा सह्या हव्या होत्या. दर रविवारी सायकल काढायची, पिशवीत चकलीचा डबा, आणि एकेकाच्या घरी चहाला जायचं. चहापर्यंत सगळे माझ्या बाजूचे असायचे. "आजींच्या बाबतीत फार वाईट झालं हो." "आम्हाला तर रात्री जेवण गेलं नाही." मग मी कागद पुढे केला की, "यांना विचारून सांगते," किंवा "आमचं नाव वर नको." एकाने तर मला तासभर थांबवून घेतलं आणि शेवटी म्हणाला, सही करतो पण वाचता येणार नाही अशी करतो. मी म्हटलं, करा बापडे. सोळा सह्या व्हायला जवळजवळ आठ महिने लागले. नवऱ्याची सही सोळावी. त्याने ती केली, पण पेन शोधायला फार वेळ लावला.

मागणीचं पत्र दादांच्या हातात मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी ते चष्म्याशिवाय दूर धरून पाहिलं आणि परत घडी घातली. "असं आपल्यात होत नसतं," म्हणाले. मी मनात म्हटलं, दादा, नका बोलवू सभा. कृपा करा आणि नका बोलवू. चौदा दिवस मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. त्यांनी नाही बोलवली. त्यांच्यासारखी माणसं बोलवत नाहीत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पंधराव्या दिवशी मी सगळ्या सभासदांना नोटीस पाठवली, घटनेतल्या कलमांच्या आकड्यांसकट.

सभा ऑगस्टमधल्या एका रविवारी झाली, त्याच हॉलमध्ये. आई नुकतीच आली होती. चिठ्ठ्या मोजायला सभासद नसलेली दोन माणसं हवी होती. हॉलची देखरेख करणारा एक उंचच उंच डच गृहस्थ होता, तो तयार झाला. दुसरं कोण? दादाच म्हणाले, "आजींना बसवा की. आजी खोटं वाचणार नाहीत." त्यांना वाटलं असेल, आपण किती मोठ्या मनाचे. मला वाटलं, वा, हा स्वतःच्या फाशीला स्वतः दोरी आणून देतोय. आईने तुपाचा रिकामा डबा धुऊन पुसून आणला होता, मतपेटी म्हणून. तिने त्या डच माणसाला 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द शिकवले. त्याने फळ्यावर दोन रकाने आखले. आई चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचणार, तो एकेक रेघ मारणार.

पहिला प्रश्न: आजचे अध्यक्ष पुढे राहावेत का? साठ जण आले होते. आईचा आवाज शाळेतला, हॉलच्या शेवटपर्यंत जाणारा. नाही. नाही. हो. नाही. नाही. एकेका 'नाही'ला माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. दादा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. विसाव्या 'नाही'नंतर घडी सुटली. तिसाव्यानंतर त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी त्यांच्याकडून नजर हलवली नाही. शेवटी एक्केचाळीस नाही आणि एकोणीस हो. नंतर अध्यक्षपदासाठी माझं एकटीचंच नाव आलं आणि तेही चिठ्ठ्यांनीच मंजूर झालं. मी दादांकडे जाऊन म्हटलं, "दादा, जरा उठता का? तुम्हाला मागे खुर्ची ठेवलीय." हो, म्हटलं. अगदी त्यांच्याच गोड आवाजात. ते उठले, मागे जाऊन बसले, आणि त्या क्षणी मला जेवढं सुख झालं तेवढं लग्नातही झालं नव्हतं.

तिथेच सभा संपवली असती तर! पण मला आईला पाटावर बसवायचं होतं, आणि नुसतं माझ्या सांगण्यावरून नाही, ठरावाने. दुसरा प्रश्न मी स्वतः लिहिला होता: पूजेला दरवर्षी हजर असलेल्यांतली वयाने सगळ्यात मोठी व्यक्ती बसेल, मग ती विधवा असो, विधुर असो वा जोडीने असो. मंजूर? एक जण म्हणाला, यात माणसाची निवड नाही, हात वर करून घेऊन टाकू. घटनेप्रमाणे ते चाललं असतं. पण मी मघाच्या विजयाने फुगले होते. म्हटलं, "नाही, चिठ्ठ्याच. आता या मंडळात सगळं स्वच्छ होणार." आईसमोर हात वर न करायची त्यातल्या किती जणांची छाती झाली असती? माझ्या हातात आलेलं मीच घालवलं.

आईने डबा उघडला. हो. नाही. नाही. नाही. मला आधी वाटलं, एका कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या वर आल्या असतील. हो. नाही. नाही. तिचा आवाज मघासारखाच होता, ना वर ना खाली. तो डच माणूस मात्र रेघा मारता मारता हळू झाला. ठराव कशाबद्दल आहे हे मी त्याला आधी समजावून सांगितलं होतं. एकदा तो खडू हातात धरून आईकडे नुसता बघत राहिला. आईने मान हलवून फळ्याकडे बोट दाखवलं, मार रेघ. त्याने मारली. बावीस हो, अडतीस नाही.

अडतीस! ज्यांनी माझ्या चकल्या खाल्ल्या होत्या, ज्यांना वर्षापूर्वी जेवण गेलं नव्हतं, त्यांतलेच. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मागच्या खुर्चीवरून दादांचा आवाज आला, "मी तर तुमच्यातर्फे वाईटपणा घेतला होता."

मला माझाच राग आला, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. त्या शेवटच्या पळपुट्या राजाने इतर पंथांनाही मोकळीक देणारा जाहीरनामा काढला होता, स्वतःच्या पंथाच्या लोभापायी का होईना. आणि ती मोकळीक संसदेतल्याच लोकांना नको होती. राजा गेला, संसद जिंकली, आणि ज्यांना बाहेर ठेवायचं होतं त्यांना तिने पुढे कितीतरी वर्षं बाहेरच ठेवलं. हे त्याच प्रकरणात, पुढच्याच पानावर होतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी ते पाच मिनिटांत उरकायचे.

घरी येताना मी चिठ्ठ्यांचा डबा पर्समध्ये कोंबून आणला. गुप्त मतदान गुप्त ठेवायचं असतं, हे साठ जणांना मीच बजावलं होतं. गेलं खड्ड्यात. मला नावं हवी होती. दादा एकटे होते, त्यांचा चेहरा मला माहीत होता, त्यांच्यावर वर्षभर दात धरता आला. या अडतीस जणांचं काय करू? जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या आणि गणपतीच्या वर्गणीच्या वेळी लोकांनी स्वतःच्या हाताने भरलेले फॉर्म शेजारी ठेवले, अक्षर ताडून बघायला.

आई म्हणाली, "नको बघूस."

"का? मला कळू दे तरी कोण कोण आहेत."

"मी वाचल्यात सगळ्या. नको बघूस म्हणते ना!"

मी कधी कुणाचं ऐकलंय? अकराव्या की बाराव्या चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं होतं आणि त्याभोवती पट्टीने काढावा तसा चौकोन होता. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत उत्तराभोवती काढतात तसा. माझा नवरा किराणा लिहिताना शेवटी एकूण वस्तू किती, त्याभोवतीही असाच चौकोन काढतो. मी दुसऱ्या कुणाला असं करताना पाहिलेलं नाही. मी आईकडे बघितलं. तिने ती चिठ्ठी हॉलमध्ये सगळ्यांसमोर, तेवढ्याच मोठ्याने वाचली होती.

नवरा सोफ्यावर होता. मी चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. तो आधी म्हणाला, काय हे, गुप्त असतं ना? मग म्हणाला, "मला वाटलं, हे हरलं तर एकदाचं संपेल." मग, मान खाली घालून, "आणि पूजेचं लाइव्ह माझी आई नाशिकहून बघते. तिला काय सांगणार होतो मी?" मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बरंचसं शाळेतल्या पोरांनी शिकवलेलं होतं. आई उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

चतुर्थी पुढच्याच आठवड्यात आली. घरच्या गणपतीची पूजा लग्नापासून नवराच करायचा. त्या सकाळी तो सोवळं नेसून आला तर मी त्याच्या हातातून ताम्हन काढून घेतलं. म्हटलं, "यंदा आई बसणार. तू खाली बसून पळी द्यायची, आणि तुझ्या आईला लाइव्ह लावून द्यायचं." त्याने पळी उचलली. घरात मी मतदान घेतलं नाही. बिशाद होती का कुणाची? पाट मांडला, आईचा हात धरून तिला स्वयंपाकघरातून बाहेर आणलं. तिच्या हाताला मोदकाची उकड लागली होती.

आई पाटाकडे बघत उभी राहिली. मग तिने हात सोडवून घेतला.

"उठवलं ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली, "आणि बसवतेस ती घरात, दार लावून? मला नको." मी काही बोलायच्या आत तिने जावयाकडे बघितलं. "बसा तुम्ही. उशीर होतोय." आणि ती मोदक वळायला गेली. नवऱ्याने पूजा केली. अथर्वशीर्ष म्हणताना तो दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा आईने आतून त्याला पुढची ओळ सांगितली.

शनिवारी मंडळाचा गणपती. ठराव पडला होता, म्हणजे जुनी रीत कायम. पूजेला अध्यक्षांनी जोडीने बसायचं, आणि त्या नसतील तर माजी अध्यक्षांनी. दादा सोवळं नेसूनच आले होते, मखराशेजारी उभे होते. मी राजीनामा द्यायचा ठरवून गेले होते. पत्र पर्समध्ये होतं. पण त्यांचं ते सोवळं बघितलं आणि माझं टाळकं सटकलं. मी गेले तर हा बसणार, परत, माझ्या आईच्या डोळ्यांदेखत. ते मी मेले तरी होऊ देणार नव्हते.

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला आणि माझ्या शेजारी बसला. आई मागे कुठेतरी होती, मी वळून बघितलं नाही. गुरुजींनी संकल्पासाठी नाव आणि गोत्र विचारलं. मी माझं सांगितलं.